भिवा मिस्त्री आणि नऊशे वर्षांचं चर्च

भिवा मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीला हात लावतो, मग घरच्या माणसांना जय भीम करतो. माझ्या धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही बारडोलीला गेलो होतो, तेव्हाही त्याने हेच केलं. मंडळी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि हा बैठकीच्या कोपऱ्यात गाल टेकवून एका डोळ्याने भिंत बघतोय. मुलीचे वडील घाबरले. त्यांना वाटलं, काही खोट निघाली. भिवा वळून म्हणाला, "करा सोयरीक. भिंत ओळंब्यात आहे, रेघभर कललेली नाही." ती मुलगी, गायत्री, आज बावीस वर्षं माझी सून आहे. अजून कधी रुसली की मला ऐकवते, "तुम्ही मला कुठे पसंत केलं, नाना? आमच्या भिंतीला पसंत केलं."

भिवा नाशिक-धुळ्याकडून आलेल्या हजारो लोकांपैकी एक. मी साक्री तालुक्यातला, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. तो आमच्या शेजारच्या गावचा, बौद्धवाड्यातला. दोघं एकाच उन्हाळ्यात सुरतेत उतरलो. मी लूमवर लागलो, तो विटांवर. लिंबायतमध्ये एकाच गल्लीत समोरासमोर खोल्या मिळाल्या आणि पंचेचाळीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांच्या दाराकडे बघत दात घासतो. पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यांची धुराडी, बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या भट्ट्यांच्या भिंती, लिंबायतमधली निम्मी लूमची खाती, यांतलं काही ना काही त्याच्या थापीखालून गेलेलं आहे. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात.

खात्यावरून आठवलं. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आमच्या शेठला खातं रुंद करायचं होतं, शेजारची जागा घेतली होती. मधली भिंत पाडायची. पण शेठ म्हणाला, एकही लूम बंद राहणार नाही. तीन कडिया, म्हणजे सुरतेचे गवंडी, बघून परत गेले. छपराचा भार त्याच भिंतीवर, पाडायची कशी? भिवा आला, चहा प्याला आणि म्हणाला, "भिंत पाडायची कशाला? तिच्यात दारं करू." त्याने भिंतीला बोटभरही आरपार भोक न पाडता आधी तिच्या पोटात कमान बसवली. अर्धी जाडी अलीकडून कोरून अर्धी कमान, मग पलीकडून कोरून उरलेली अर्धी. चुना-सिमेंट घट्ट झाल्यावर कमानीखालच्या विटा हळूच काढून घेतल्या, जणू पेटीतून कपडे काढावेत. एक कमान झाली की पुढची. इकडे आम्ही साडीचं कापड विणतोय, तिकडे भिंत उघडत चाललीय. शेठ रोज विचारायचा, "भिवाभाई, पडशे तो नहीं ने?" भिवा म्हणायचा, "शेठ, तुमचा आवाज बारीक ठेवा, त्यानेच पडेल."

आता विहाराचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बुद्ध विहार आहे. तो भिवाने बांधला. पैसेवाल्याने बांधावा तसा नाही. दर रविवारी, सुटीच्या दिवशी, थोडा थोडा. आधी एक लांबट हॉल, दीड विटेच्या जाडीच्या भिंतींचा. सहा वर्षांनी मागे बुद्धमूर्तीची खोली. त्यानंतर पुढे ओटा आणि ओट्यावर छोटा घुमट. विटा उचलायला आम्ही सगळे, बौद्ध असो की आमच्यासारखे पाटलांकडचे. रंभाबाई, भिवाची बायको, एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने घमेलं सांभाळायची. म्हणून तो विहार जरा आमचाही.

फक्त एक गोष्ट होती. मागची खोली तिरकी होती. हॉलच्या दारात उभं राहिलं की बुद्धमूर्ती समोर न येता वीतभर डावीकडे सरकलेली दिसायची. कुणी विचारलं की भिवा एकच सांगायचा, "गटाराची लाइन आडवी आली. म्युनिसिपालिटीने ऐकलं नाही." सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं.

दोन वर्षांपूर्वी विहार कमिटीत तरुण मुलं आली. अध्यक्ष प्रफुल्ल. लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. गोड मुलगा, कामाचा मुलगा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हॉल पुरत नाही. बुद्धपौर्णिमेला निम्मी माणसं गल्लीत, वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर रुमाल धरून उभी. संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग हॉलमध्ये बसतो, पोरांच्या मांड्या एकमेकांवर. त्याचा मित्र गजेंद्र, डिप्लोमावाला इंजिनिअर, याने नकाशा काढला: सगळं जमीनदोस्त करून नवं, संगमरवराचं, सरळ रेषेतलं. दोन वर्षं काम. तोवर वंदना आणि वर्ग कुठे, ते बघू.

"बाबा, टेन्शन नका घेऊ," प्रफुल्ल भिवाला म्हणाला. "नव्या इमारतीवर तुमचं नाव लावू. मोठ्या अक्षरात."

भिवा "बरं" म्हणाला. एवढंच. पण त्या दिवसापासून तो दुपारी पत्ते खेळायला आला नाही. रंभाबाई माझ्या बायकोला, उषाला, सांगत आली, "वहिनी, ताट पुढे ठेवते तर बोटाने भातात रेघा मारत बसतात. त्या विहारात जाऊन भिंतीशी बोलतात. माझ्याशी कधी इतके बोलले नाहीत."

अशात विशाखाने चर्च आणलं.

विशाखा भिवाची नात, त्याच्या मुलाची, प्रज्ञेशची मुलगी. नकाशे काढायचं शिकली आणि रिंग रोडजवळच्या एका ऑफिसात लागली. तिथं विलायतेतल्या जुन्या इमारतींचं काम येतं. ते लोक तिकडे तिपाईवर एक यंत्र ठेवतात, ते गरगर फिरून भिंतीचे लाखो ठिपके टिपतं. ठिपके आणि फोटो इकडे येतात, आणि विशाखा लिंबायतमध्ये राहून त्यांच्यावरून इंग्लंडातल्या भिंतींचे नकाशे काढते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, पोरगी थापा मारते. मग तिने लॅपटॉप उघडून दाखवला.

एल्मस्कोट नावाचं खेडं. शंभर-सव्वाशे घरं. मधोमध दगडी चर्च, भोवती गवत, गवतात कलंडलेल्या कबरी, आणि एक इतकं म्हातारं झाड की त्याच्या खोडात माणूस उभा राहील. एका रविवारी विशाखा लॅपटॉप घेऊन आजोबांच्या खाटेवर येऊन बसली.

"आबा, हे बघा ना. मनोऱ्याच्या भिंतीवर ही चौकोनी भोकं आहेत. ओळीने. दगड घालून बुजवलेली. आमच्या ऑफिसात कुणी म्हणतं कबुतरांची, कुणी म्हणतं तोफांची."

भिवाने चष्मा लावला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

"तोफांची? अगं वेडे, परांचीची भोकं आहेत. भिंतीत आडवी बल्ली खोचायची, तिच्यावर फळ्या, फळीवर गवंडी. काम वर सरकलं की बल्ली काढायची, भोक बुजवायचं. दोन ओळींत किती अंतर आहे?"

"चार फूट, थोडं जास्त."

"छातीपर्यंत! त्याच्यापुढे हात पोचत नाही. मग पुढची फळी." भिवा खाटेवर उठून बसला आणि दारात उभ्या मला हाताने बोलावलं. "आणि हे बघ, मगन, इकडे ये. इथं दगडाचा रंग बदलला. काम थांबलं होतं इथं. पावसाळा असेल."

"तिकडे पावसाळा नाही, आबा, थंडी. चुना गोठायचा. हिवाळ्याआधी भिंतीच्या माथ्यावर गवत आणि शेण टाकून झाकून ठेवायचे."

"शेण?" रंभाबाई आतून म्हणाली. "गोऱ्या लोकांकडे?"

"सहा-सातशे वर्षांपूर्वी, आजी."

"मग बरोबर आहे. तेव्हा माणसं शहाणी असतील."

त्या दिवसापासून आमचा रिवाज झाला. विशाखा कामावरून आली की भिवाच्या खाटेवर चर्च उघडायचं. मीही जायचो. गल्लीतल्या टीव्हीवर काय लागलंय ते आमच्या घरी आता फक्त उषाला माहीत असायचं. आणि काय काय ऐकलं म्हणून सांगू! नऊशे वर्षांपूर्वी फक्त एक लांबट खोली होती, हातभर जाडीच्या भिंतींची, वर गोल माथ्याच्या चिंचोळ्या खिडक्या. काच महाग, म्हणून खिडकी बारीक. शंभर वर्षांनी माणसं वाढली, तर उत्तरेकडे एक पडवी काढली. आणखी शंभर वर्षांनी पाद्रीबाबाची पूजेची खोली लांब केली. मनोरा सगळ्यात शेवटी, तीन टप्प्यांत, कारण मध्येच महामारी आली आणि गवंडीच उरले नाहीत. दाराबाहेर छपरी आणि तिच्यात दोन्ही बाजूंना दगडी बाक. गावातले करारमदार, भांडणं, लग्नाची वचनं तिथेच. दक्षिणेच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने सावलीचं घड्याळ ओरखडलेलं. आतल्या भिंतींवर एकेकाळी लाल-पिवळी चित्रं होती, नंतरच्यांना ती नको वाटली, त्यांनी वर चुना मारला. त्याच चुन्याखाली ती जपून राहिली, आता पापुद्रे निघाले की कुठे एक पाय, कुठे एक डोळा बाहेर येतो.

"म्हणजे कुणीच सगळं पाडलं नाही," भिवा एकदा म्हणाला.

"पाडायला पैसे कुठे होते, आबा? खेडं होतं."

"पैसे नसले की अक्कल चालते," भिवा म्हणाला, आणि मला डोळा मारला.

मग एके संध्याकाळी तिने पूर्ण नकाशा दाखवला, वरून बघितल्यासारखा. भिवाने चष्मा पुसला. मग त्याने बोट ठेवलं.

"ही मागची खोली सरळ नाही."

"हो ना! ती डावीकडे झुकलीय. तिकडच्या पुष्कळ चर्चमध्ये असतं असं. लोक म्हणतात, येशूची मान क्रूसावर एका बाजूला कलली होती, त्याची आठवण म्हणून मुद्दाम."

भिवा हसायला लागला. असा हसला की ठसका लागला. रंभाबाई पाणी घेऊन धावली.

"मुद्दाम! अरे, दोरी चुकली त्याची! जुनी खोली पाडली नाही, तिच्याभोवती नवी बांधली. मग मधून दोरी टाकता येईना. त्याने जुन्या भिंतीवरून दोरी घेतली, आणि जुनी भिंतच तिरकी! काम उभं राहिल्यावर समजलं असेल त्याला. मग पाद्रीबाबाला सांगितलं असेल, बाबा, हे देवाच्या मानेसारखं केलं." डोळे पुसत तो म्हणाला, "हाऊ मिस्त्री मना सख्खा भाऊ शे!"

अहिराणी त्याच्या तोंडून भर आनंदातच निघते, नाहीतर भर रागात. पण हसू ओसरल्यावर त्याने पुन्हा त्या मागच्या खोलीवर बोट ठेवलं. मला म्हणाला, "मगन, चहा घेऊ बाहेर." चहा घेताना त्याची नजर गल्लीच्या टोकाकडे, विहारावर होती.

त्याच आठवड्यात विशाखाने त्याला उत्तरेची पडवी नीट दाखवली. आधी जी बाहेरची भिंत होती, तिच्यात तीन कमानी, कमानींपलीकडे पडवी. आणि मधल्या कमानीच्या वर, भिंतीत, एका जुन्या गोल माथ्याच्या खिडकीचा अर्धा तुकडा. खालचा अर्धा कमानीने खाल्लेला.

"आमच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणतात, छप्पर उतरवून भिंत परत बांधली असेल."

"मग खिडकीचा तुकडा कशाला ठेवतील?" भिवा ताडकन म्हणाला. "वरची भिंत जुनीच आहे. छपराला कुणी हात लावला नाही. आधी पलीकडे पडवी बांधली. मग भिंतीच्या पोटात कमान बसवली. मग खालचं काढलं. आत प्रार्थना चालू असेल, आमच्या खात्यात लूम चालू होते तशी." त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. पंचेचाळीस वर्षांनंतर काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. विहाराच्या उत्तरेला एक अरुंद मोकळी पट्टी आहे. तिथं कार्यक्रमाच्या कढया आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर कमिटीची सभा होती. विहार पाडायची तारीख ठरायची होती. भिवाने विशाखाला सांगून प्रोजेक्टरने भिंतीवर चर्चचा नकाशा दाखवला. लोक कुजबुजायला लागले.

"बाबा," मागून चेतन म्हणून एक पोरगा ओरडला, "आपल्याला विहार बांधायचाय, चर्च नाही! धर्म बदलला की काय?"

"तू आधी बापाचा शर्ट बदल, मग माझा धर्म विचार," भिवा म्हणाला. चेतनच्या अंगात खरंच बापाचा शर्ट होता. हॉल हसला.

मग भिवाने सांगितलं. परांची, खिडकीचा तुकडा, कमानी, सगळं. लोक ऐकत होते. ऐकताना मला वाटलं, हा आता म्हणणार, एवढं जुनं इंग्रज लोक जपतात, तुम्ही माझं जपा. प्रफुल्ललाही तेच वाटलं असावं.

"बाबा, समजलं," तो नम्रपणे म्हणाला. "पण त्यांची वाकडी खोली बघायला लोक तिकीट काढून येतात. आपल्या वाकड्या खोलीला लोक हसतात. गटारामुळे झालं हे मान्य, पण..."

"गटारामुळे नाही झालं," भिवा म्हणाला.

मागचे लोक पुढे सरकले.

"माझी दोरी चुकली. मी शेजारच्या खात्याच्या भिंतीवरून दोरी घेतली. ती सरळ आहे की नाही, बघितलं नाही. घाई होती, धम्मचक्र दिनाला मूर्ती बसवायची होती. गटार नंतर आलं, दोन वर्षांनी. इतकी वर्षं खोटं सांगितलं." त्याने मूर्तीच्या खोलीकडे हात केला. "तर ती खोली ठेवा असं म्हणायला मी उभा नाही. वाईट दिसत असेल तर पाडा. माझं नाव लावू नका कुठेच. पण हॉल लहान पडतो, एवढ्यासाठी सगळं पाडू नका. मी उत्तरेची भिंत फोडून देतो. तीन कमानी. पलीकडे पडवी. एक दिवससुद्धा वंदना बंद पडणार नाही, पोरांचा अभ्यास बंद पडणार नाही."

रंभाबाई पुढच्या रांगेत बसली होती. नवऱ्याकडे असं बघत होती, जणू आजच ओळख झाली. मग एकदम म्हणाली, "आणि पडवीत कोण बसणार? आम्ही बायकाच ना? खांबामागे? मूर्ती दिसायची नाही, नुसता खांब दिसेल."

"आजी, त्याचंही आहे," विशाखा म्हणाली. तिने दुसरं चित्र लावलं. एल्मस्कोटच्या पडवीच्या कोपऱ्यात भिंतीतून तिरकं भोक आरपार नेलेलं, खास पडवीत बसणाऱ्यांना आतली पूजा दिसावी म्हणून.

"हां," रंभाबाई म्हणाली. "मग करा."

गजेंद्र इंजिनिअरने दहा शंका काढल्या. शंका बरोबरच होत्या. वर स्लॅब आहे, भिंत जुनी आहे, बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. शेवटी प्रफुल्लने मार्ग काढला. "बाबा, एक करू. गजेंद्र भिंतीवर काचेच्या पट्ट्या चिकटवेल. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. एकही काच तडकली, की काम बंद. मग वाद नाही, पूर्ण पाडायचं."

"मंजूर," भिवा म्हणाला. मी त्याचा सदरा ओढला, पण तोवर बोलून गेला होता.

पावसाळा संपताच बाहेरची भिंत उभी राहिली, पडवीचा स्लॅब भरला. दिवाळी लागली. सुरतेला दिवाळीची मोठी सुटी. खाती वीस-पंचवीस दिवस बंद, निम्मी माणसं गावाला. भिवा गावाला गेला नाही, म्हणून मीही गेलो नाही. पहिली कमान त्या सुटीत बसली. भिवाचं आता वय झालंय, थापी गजेंद्रच्या आणि दोन बिहारी कारागिरांच्या हातात. पण वीट कुठे, किती, कधी, हे सगळं भिवा स्टुलावर बसून सांगायचा. "हं, आता नको. आधी घट्ट होऊ दे. चूप बठ." गजेंद्र पहिले दोन दिवस तोंड वाकडं करून ऐकत होता, तिसऱ्या दिवशी वहीत लिहून घ्यायला लागला. खालच्या विटा निघाल्या. पडवीतून हॉल दिसला. भिंतीवर बारा काचा, बाराच्या बारा शाबूत.

सुटी संपली. दुसरी कमान अर्धी झाली आणि एका सोमवारी सकाळी चेतन धावत माझ्याकडे आला. "नाना, काच गेली. दोन काचा."

मी गेलो तेव्हा सगळे जमलेले. मधल्या दोन पट्ट्यांवर बारीक तडे. प्रफुल्लचा चेहरा पडलेला. त्याला आता जिंकायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण शब्द दिला होता चारचौघांत. भिवा स्टुलावर बसला होता. म्हणाला, "ठरलं ते ठरलं. उद्यापासून सामान हलवा."

मी काचेला बोट लावलं. बोटाला मुंग्या आल्यासारखं झालं. लूमवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही. शेजारच्या खात्यात अठ्ठेचाळीस लूम. दिवाळीभर बंद होते. शनिवारी सुरू झाले. आणि आम्हा लिंबायतकरांना लूम सुरू झाल्याचं कानाला समजतच नाही, बंद पडल्याचं समजतं. त्यामुळे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"गजेंद्र," मी म्हटलं, "एक काच त्या पुढच्या भिंतीवर लाव. जिला कुणी हातच लावला नाही तिच्यावर."

"कशाला, नाना?"

"लाव तर खरं. माझ्या पांढऱ्या केसांसाठी लाव."

त्याने तीन लावल्या. एक पुढच्या भिंतीवर, एक मूर्तीच्या खोलीत, एक समोरच्या चहावाल्या बळीरामच्या दुकानात. बळीराम म्हणाला, माझं दुकान पाडणार का? मंगळवारी दुपारपर्यंत पुढच्या भिंतीवरची काच तडकली. बुधवारी बळीरामची.

पण गजेंद्र माझ्यावर विसंबला नाही, आणि ते त्याचं बरोबर. त्याने भिवाचा ओळंबा घेतला. पहिल्या दिवशीच भिवाने तो फोडायच्या भिंतीवर तीन ठिकाणी टांगून खाली फरशीवर टोकाशी खिळ्याने फुल्या मारून ठेवल्या होत्या. गजेंद्र गुडघ्यावर बसला, श्वास रोखून बघितलं. टोक फुलीवर. तीन ठिकाणी बघितलं. तिन्ही फुलीवर. मग उठला आणि प्रफुल्लला म्हणाला, "भिंत हललेली नाही. सगळं लिंबायत हलतं, भिंत नाही. हे मी लिहून सही करून देतो."

"सही कर," प्रफुल्ल म्हणाला, "आणि त्या काचा काढ आधी."

पौषात तिसरी कमान पुरी झाली. खबरदारी म्हणून प्रत्येक कमानीखाली दोन-दोन टेकू ठेवले होते, ते काढायचा दिवस उजाडला. भिवाने सगळ्यांना गल्लीत काढलं. आत फक्त तो, गजेंद्र आणि पाचरी ठोकून काढणारा कारागीर. प्रफुल्ल हट्टाने कमानीखाली उभा राहायला गेला, तर भिवा ओरडला, "ए अध्यक्ष! बाहेर हो! पडलं तर सभेला कोण बसेल?" आम्ही खिडकीतून बघत होतो. पहिली पाचर. दुसरी. भिवाची नजर ओळंब्यावर, दुसरीकडे कुठेच नाही. टेकू सैल झाला, कलला, कारागिराने तो उचलून भिंतीला लावून ठेवला. असे सहा टेकू. शेवटचा निघाल्यावर भिवाने गजेंद्रला खुणेने विचारलं. गजेंद्र वाकला, फुलीकडे बघितलं, आणि वर न बघताच अंगठा दाखवला.

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली. भिवा बाहेर आला आणि बळीरामला म्हणाला, "चहा टाक. सगळ्यांना. आणि तुझ्या दुकानातल्या त्या तडकलेल्या काचेचा तुकडा दे, विशाखाला ऑफिसात दाखवायचाय."

पाडायचा ठराव कमिटीने त्याच आठवड्यात रद्द केला. तिरक्या खोलीचं काय करायचं, यावर चर्चा झाली. चेतन म्हणाला, राहू द्या, आता तिची गोष्ट सगळ्यांना पाठ झालीय. प्रफुल्ल हसला. ठराव लिहिलाच नाही कुणी.

पहिल्या रविवारी पडवी बायकांनी भरली. पुरुष हॉलमध्ये, पोरं कमानींच्या मधोमध, अर्धी इकडे अर्धी तिकडे. त्रिशरण सुरू झालं. रंभाबाई बरोबर कोपऱ्यात, तिरक्या भोकासमोर बसली होती. ती जागा तिने आदल्या दिवशीच सतरंजी टाकून धरली होती, असं उषा सांगते. वंदना संपली. भिवा हळूहळू चालत पडवीत गेला. बायकोसमोर उभा राहिला. काय म्हणते, याची वाट बघत होता. इतका म्हातारा माणूस, पण चेहरा असा की परीक्षेचा निकाल ऐकायला आलाय.

"दिसली का मूर्ती?"

"दिसली," रंभाबाई पदराने वारा घेत म्हणाली. "पण इथं पंखा कुठे आहे?"

भिवाने वर बघितलं. स्लॅबला हूकच ठेवला नव्हता.